दोरीवर वाळत घातलेलं इंग्रजी

बडा गणपतीमागच्या आमच्या गल्लीत एका घरासमोर धुण्याची दोरी होती आणि त्या दोरीवर महिन्यातून दोनदा इंग्रजी वाळत घातलेलं असे. गल्लीत नवीन आलेला माणूस ते बघून थबकायचाच. कोऱ्या लठ्ठ्याचे, म्हणजे मिलच्या जाड सुती कापडाचे, पाच-पाच हात लांब तुकडे, प्रत्येकाच्या मधोमध एक मोठा गोल, गोलातून चहूकडे फुटलेले निळे, तांबडे, पिवळे फाटे आणि फाट्यांवर अर्धवट धुतले गेलेले इंग्रजी शब्द. कुणी विचारलंच तर आम्ही सांगायचो, "सरांचं इंग्रजी आहे. संध्याकाळपर्यंत वाळेल." विचारणारा आणखी काही न विचारता निघून जायचा.

सर हे नाव त्यांचं त्यांनीच स्वतःला दिलेलं होतं. शाळेत किंवा कॉलेजात त्यांनी एक तासही शिकवलेलं नव्हतं. ते माझ्या बाबांच्याच मिलमध्ये टाइमकीपर होते. फाटकाशेजारच्या खोलीत बसून कोण किती वाजता आत आला हे लिहायचं, एवढंच त्यांचं काम. पण मॅनेजर नसला तरी मिल चालेल आणि आपण नसलो तर भोंगासुद्धा वाजायला बिचकेल, अशी त्यांची पक्की खात्री होती. अंगकाठी वाळकी, पँट पोटाच्या वर बांधलेली आणि दोन मनगटांवर दोन घड्याळं. एक मिलच्या वेळेचं, एक आकाशवाणीच्या. दोन्हींत चार मिनिटांचा फरक होता आणि मिल बंद पडल्यावरही त्यांनी तो मिटवला नाही. "किती वाजले?" असं विचारलं की ते उलट विचारायचे, "कुणाचे?"

माणसं लक्षात ठेवायची त्यांची एक रीत होती. हजेरीच्या वहीवर त्यांचा भरवसा नसे. वहीत माणूस एका ओळीत एकटा उभा असतो, खरा माणूस कधी एकटा नसतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी प्रत्येक खात्याचं एक चित्र काढून ठेवलं होतं. मध्ये गोलात खातं, त्यातून निघालेला जॉबर, म्हणजे मुकादम, जॉबरखाली त्याचा मेव्हणा, मेव्हण्याखाली त्याच्या गावचे चौघे आणि त्या चौघांतल्या एकाची सोयरीक थेट स्पिनिंगमध्ये. या चित्रांच्या जोरावर कुणाच्या घरी लग्न निघालं की कोणते माग रिकामे पडणार हे ते आठवडाभर आधी सांगायचे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्याला हिंगोट असतं, दोन गावचे लोक एकमेकांवर पेटते अग्निबाण फेकतात. त्या दिवशी कोण कोण ‘ताप आला’ अशी चिठ्ठी पाठवणार त्याची यादी सरांकडे दसऱ्यालाच तयार असे. चिठ्ठी आली की तिच्यावर ते लाल पेन्सिलीने ‘माहीत होतं’ असं लिहायचे.

मग फाटकावर मिल बंद झाल्याची नोटीस लागली. ज्याला जे सुचलं ते त्याने केलं. कुणी टेम्पो चालवायला लागले, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी सकाळी पोहे खायला म्हणून बाहेर पडून दुपारी जेवायला घरी यायचे आणि मधल्या वेळात काय केलं ते सांगायचे नाहीत. माझे बाबा या तिसऱ्या प्रकारातले. सरांनी मात्र मिलच्या दुकानातला शेवटचा माल निघाला तेव्हा कोऱ्या लठ्ठ्याची पाच ठाणं उचलून आणली. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाटलं गाद्या शिवायच्या असतील.

त्याच सुमारास त्यांच्या पुण्याच्या भाच्याने कुठल्याशा विलायती मासिकातल्या दोन पानांची फोटोकॉपी पाठवली. मधोमध गोल, गोलातून फाटे, फाट्यांवर शब्द. अभ्यासाला आणि परकी भाषा शिकायला ही पद्धत फार गुणाची, हिला माइंड मॅप म्हणतात, असं त्यात लिहिलेलं. सर ती पानं घेऊन गल्लीभर फिरले. आमच्या ओट्यासमोर उभं राहून बाबांना म्हणाले, "पाहून घ्या, वीव्हिंगवाले. हे तर मी अठ्ठावीस वर्षांपासून करून राहिलो आहे. गोऱ्यांनी आपल्या टाइम ऑफिसात येऊन नक्कल मारून घेतली नं, आणि आपल्याला पता पण नाही लागला."

"तुमच्या टाइम ऑफिसात गोरा कशाला येईल?" बाबा म्हणाले.

"आला असेल. तुम्ही लेट यायचे, तुम्हाला कसा दिसणार?"

बाबा उठून आत गेले. ते वीव्हिंग खात्यात क्लार्क होते. एकदा दोन मिनिटं उशीर झाला म्हणून या माणसाने त्यांचा अर्धा दिवस गैरहजेरीत मांडला होता आणि तेव्हापासून बाबा त्यांच्याशी फक्त भांडायलाच बोलत. सरांना त्याचं काहीच वाटत नसे. ते कुणालाही नावाने हाक मारत नसत, खात्याने मारत. मिल बंद होऊन वर्ष झालं तरी त्यांच्या लेखी बाबा वीव्हिंगवालेच होते.

ते दिवसच तसे होते. एकेक मिल गप्प होत होती आणि गल्लीत दर तिसऱ्या घरावर पाटी चढत होती. कॉम्प्युटर, टायपिंग, ब्यूटी पार्लर, एसटीडी. सगळ्यांत जास्त पाट्या इंग्रजीच्या. एकाने इंग्रजी तीस दिवसांत येईल म्हटलं, दुसऱ्याने एकवीस. नाक्यावर टाय बांधून शिकवणाऱ्या टायवाल्याने तर ते पंधरा दिवसांवर आणून ठेवलं. सरकारने बाजार उघडला म्हणतात, तो आमच्याकडे असा उघडला. सरांनी पुढच्या खोलीतला दिवाण हलवून सतरंजी घातली आणि दारावर स्वतः रंगवलेली पाटी ठोकली: ‘इंग्रजी. माइंड मॅपने. दिवस लागतील तेवढे.’

आम्ही वीसेक जण होतो. कॉलेजातली पोरंपोरी, लग्नाला आलेल्या दोघी आणि रोज सांवेरहून बसने येणारा एका सोयाबीनवाल्याचा मुलगा. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आईने मला तिथे घातलं ते शेजारधर्म म्हणून. पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं की इंग्रजी फुलस्केपात मावत नाही. मग ठाण सोडून भिंतभर लठ्ठा ताणला, मध्ये गोल काढला आणि म्हणाले, "शब्दाला पण खानदान असतं. ब्रेड एकटा राहतो काय? नाही राहत. बेकरी त्याचं माहेर. बटर सासर. जॅम नणंद आहे, कधी येते, कधी नाही येत. अब बोल, ब्रेड विसरशील?"

विसरणं खरंच कठीण होतं. पंचवीस-तीस वर्षं झाली, मला अजून बेकरीत गेलं की नणंद आठवते.

रंगांचे नियम कडक होते. वस्तू निळीने, कामं गेरूने आणि नम्रतेचे शब्द, म्हणजे प्लीज, थँक यू, सॉरी वगैरे, काकूंच्या डब्यातल्या हळदीने. नीळ टिकते, गेरू चिकटतो, हळद मात्र उन्हात उडते. त्यामुळे होळीच्या आसपास आमच्या क्लासची मुलं प्लीज आणि सॉरीशिवाय इंग्रजी बोलू लागायची. आजूबाजूच्यांना वाटायचं, पोरं फार फाडफाड बोलायला लागली.

नकाशा जुना झाला की काकू तो धुवायच्या आणि कापड परत वापरात यायचं, पण धुऊन कोरं होईल ते मिलचं कापड कसलं. ‘रेल्वे स्टेशन’च्या खाली ‘हॉस्पिटल’ अंधूक दिसतच राही. सांवेरच्या मुलाने एकदा तिकिटाच्या खिडकीतून नर्सला बाहेर काढलं ते यामुळेच. अगदीच विरलेल्या कापडाचे काकू अभ्रे शिवत, लेंगे शिवत. सरांच्या मेव्हण्याच्या लेंग्यावर, बसायच्या बाजूला, ‘सिट डाउन’ असं मी स्वतः वाचलेलं आहे. त्याआधीचं ‘प्लीज’ उन्हात उडालं होतं.

आणखी एक भानगड होती. मधला गोल कुठलाही असो, चौथ्या फाट्यापर्यंत सर मिलमध्ये पोहोचायचेच. चंद्र काढला की रात्र, रात्रीला नाइट शिफ्ट, नाइट शिफ्टला मिल. फुलपाखरू घेतलं तर रंग, रंगाला डाइंग खातं. त्यामुळे सहल या विषयावर निबंध आला तेव्हा आमच्या क्लासच्या सगळ्या मुलांनी सहलीला जाण्यासाठी रजा कशी मागायची यावरच तीन पानं लिहिली. मी अर्थशास्त्राच्या पेपरात उदारीकरणावरच्या प्रश्नाला सरांनी काढून दिलेला नकाशाच उतरवला होता. परीक्षकाने तो कच्चं काम समजून त्यावर आडवी रेघ मारली.

पण आमच्या क्लासची खरी ओळख होती बोट. शब्द नकाशावर कुठे आहे ते आठवल्याशिवाय आम्हाला तो बोलताच येत नसे. मग डोळे मिटायचे, उजव्या हाताचं बोट हवेत न्यायचं, मधल्या गोलापासून निघायचं, वर उजवीकडे निळ्या फाट्यावर जायचं, तिथून खाली गेरूवर यायचं आणि शब्द सापडला की तोंडातून काढायचा. सराफ्यातून असं बोट फिरवत कुणी चाललेलं दिसलं की लोक म्हणायचे, हा टाइमबाबूंचा. क्लासमधल्या एकीला बघायला आलेल्या मुलाने कौतुकाने इंग्रजीत हॉबी विचारली. तिने डोळे मिटून बोट छताकडे नेलं. मुलाची आई दचकून उठली आणि वर पाल कुठे आहे ते शोधू लागली. स्थळ परत गेलं. सरांना सांगितलं तर म्हणाले, "हॉबीचा फाटा खाली डाव्या हाताला आहे. ही वर कशाला गेली?"

सर स्वतः इंग्रजीत कधी वाक्य बोलत नसत. शब्द देत, त्याचं माहेर-सासर देत, पण वाक्य नाही. टायवाल्याच्या क्लासची पोरं यावरून फार हसत. सरांचं उत्तर ठरलेलं होतं. "लाइनवर माग लावून देणं माझं काम. कापडाचं थान तू काढ." आणि मग चिडून म्हणायचे, "वीस लोक आहेत. एकाने तरी बोट खाली ठेवून, आँखें खोलके, एक पुरं वाक्य बोलून दाखवावं. आपल्या मनाचं. भिंतीवर नसलेलं. त्या दिवशी तो माझ्याकडून पास." वर्षभरात कुणीच पास झालं नाही. हे त्यांना मनापासून लागत असावं, कारण ते भिंतीकडे तोंड करून बराच वेळ फाटे गडद करत बसायचे.

अशात आमच्या घरची वेळ आली. बाबा घरी बसून सव्वा वर्ष झालं होतं. आई साड्यांना फॉल लावून देत होती, त्याच्यावर घर ढकलगाडीसारखं चाललं होतं. जुलैपर्यंत बाबांना नोकरी लागली नाही तर माझं कॉलेज सुटणार आणि मी नाक्यावरच्या एसटीडी बूथवर बसणार, असं घरात ठरलं. ठरलं म्हणजे कुणी तोंडाने बोललं नाही, पण बूथवाल्याशी आई बोलून आली होती आणि ते मला माहीत होतं, बाबांनाही माहीत होतं. बाबा त्या दिवसापासून माझ्या पुस्तकांच्या फळीकडे बघायचे नाहीत.

पीथमपूरच्या एका कंपनीत डिस्पॅच क्लार्कची जागा निघाली. बाबांचं लेखी इंग्रजी चोख होतं, ‘विथ रेफरन्स टू युवर लेटर’ ते झोपेतही लिहू शकत. पण तिथे मुलाखत इंग्रजीत आणि इंग्रजी तोंडाने बोलायची बाबांवर आयुष्यात वेळ आली नव्हती. आई म्हणाली, "समोर क्लास आहे, जाऊन तर पाहा."

"त्या टाइमबाबूकडे? त्यापेक्षा मी भाजी विकीन."

"ते पण नाही विकून राहिले नं तुम्ही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सरांच्या सतरंजीवर माझ्या शेजारी येऊन बसले. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी एका मनगटाकडे पाहिलं, मग दुसऱ्या, आणि अगदी सहज म्हणाले, "या, वीव्हिंगवाले. मिलच्या टाइमाने तुम्ही बरोबर आहात." त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं की मान देऊन, ते बाबांनाही कळलं नसावं.

त्यानंतर त्या माणसाने बाबांसाठी जे केलं ते मी विसरणार नाही. दोन महिने रोज सकाळी तास-दीड तास एकट्या बाबांना घेऊन बसायचे. त्यांच्यासाठी एक वेगळा लठ्ठा काढला. मधल्या गोलात ‘आय’. एक फाटा नावगावाचा, एक कामाचा, एक घरच्यांचा, ज्याच्या टोकाला ‘डॉटर, स्टडींग’ असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. चौथा फाटा, तुमच्याच कंपनीत का यायचं आहे हा. तो सरांनी सगळाच हळदीने काढला, कारण ते गोड बोलणं होतं. बाबा गच्चीवर डोळे मिटून बोट फिरवत उभे राहायचे. तीन फाटे तोंडात बसले. चौथा काही बसेना, कारण लठ्ठा गच्चीवर समोर टांगलेला असे आणि हळदीचा तो फाटा उन्हात रोज थोडा थोडा उडत होता.

मुलाखतीच्या दिवशी आईने मला बाबांच्या सोबत पाठवलं. बसस्टँडवर आम्ही बघतो तर सर आधीच उभे, काखेत लठ्ठ्याची गुंडाळी.

"तुम्ही कुठे?" बाबा म्हणाले.

"पेपरला मास्तर बाहेर बसतोच नं. चौथा फाटा सकाळी उठून परत गडद करून घेतला आहे. बसमध्ये एकदा बघून घ्या."

बसमध्ये लठ्ठा उलगडायला जागा नव्हती. बाबांनी खिडकीबाहेर बघत सगळा रस्ता काढला.

कंपनीचं ऑफिस नवीन होतं. चकचकीत फरशी, कुंड्या आणि मधोमध साहेबाची काचेची खोली. काच छतापर्यंत पोहोचत नव्हती, त्यामुळे बाहेरच्या बाकावर आम्हा दोघांना आतलं सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. साहेब तिशीतला असेल, बाहेरून आलेला, हिंदीतही न बोलणारा. बाबा बसले. पहिला प्रश्न आला तसे त्यांचे डोळे मिटले आणि बोट वर गेलं. साहेबाने एकदा बोटाकडे आणि एकदा पंख्याकडे पाहिलं. पण नाव, गाव, वीव्हिंग खातं, सगळं ठीक निघालं. घरचा फाटाही निघाला. "माय डॉटर स्टडींग, सर," बाबा म्हणाले. सर माझ्या कानाशी पुटपुटले, "अर्धं वाक्य झालं. अर्धं."

मग साहेबाने विचारलं, व्हाय डू यू वॉन्ट टू जॉइन अस?

बाबांचं बोट मधल्या गोलापासून निघालं, खाली डावीकडे वळलं आणि तिथे थांबलं. तिथे काहीच नव्हतं, नुसता उन्हात उडालेला लठ्ठा असणार. बोट थोडं मागे आलं, परत पुढे गेलं. साहेबाने पेनचं टोपण लावलं. ते टोपण लावताना बघून मला एसटीडी बूथचं स्टूल दिसायला लागलं. तेवढ्यात सर उठले.

"पकड," ते म्हणाले आणि गुंडाळीचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं.

मी ते पकडायला नको होतं. पण एका वर्षाच्या सवयीने मी पकडलं आणि मागे सरत गेले. काचेच्या बाहेर, अख्ख्या ऑफिसच्या मध्ये, आम्ही दोघांनी पाच हात लठ्ठा ताणून धरला. सर एका हाताने चौथ्या फाट्यावर जोरजोरात बोट आपटत होते. "वीव्हिंगवाले! इकडे! खाली!" हळद ताजी होती, दुरूनही पिवळी जर्द दिसत होती. टाइप करणाऱ्या दोन बायका उठून उभ्या राहिल्या. गार्ड धावत आला. साहेब खुर्चीतून अर्धा उठला आणि त्याने बाबांना विचारलं की हे लोक कोण आहेत, तुमच्याबरोबर आहेत का?

बाबांनी डोळे उघडले. त्यांनी सरांकडे पाहिलं, लठ्ठ्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या टोकाला मी होते तिथे पाहिलं. बोट खाली, मांडीवर आलं.

"नो, सर," बाबा म्हणाले. "आय डू नॉट नो दीज पीपल."

काय स्वच्छ बोलले. एक शब्द अडला नाही. त्यानंतर थांबलेही नाहीत. गार्ड आम्हाला दाराकडे नेत होता तेव्हा काचेवरून बाबांचं इंग्रजी मागून येतच होतं, एकामागून एक वाक्य, त्यांतलं एकही आमच्या भिंतीवरचं नव्हतं.

फाटकाशी सर गार्डला म्हणाले, "भिया, जरा कोपरा पकडून घ्या, घडी बिघडून जाईल." गार्डने खरंच कोपरा पकडला. दोघांनी मिळून लठ्ठ्याची नीट घडी घातली. मी रस्त्याकडे तोंड करून रडत होते. सर जवळ आले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आनंद होता.

"ऐकलंस?" ते म्हणाले. "आँखें खुली. बोट खाली. पुरं वाक्य. आणि भिंतीवरचं नाही, आपल्या मनाचं!"

"सर, त्यांनी आपल्याला ओळख नाही दिली."

"ते सोड. वाक्य पाहा नं तू."

तासाभराने बाबा बाहेर आले. नोकरी लागली होती, पहिल्या तारखेपासून यायचं होतं. सर पुढे होऊन म्हणाले, "वीव्हिंगवाले, पास!" बाबांना वाटलं ते नोकरीबद्दलच बोलताहेत. त्यांनी मान हलवली आणि बसमध्ये पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन एकटे बसले. घरी आईने देवापुढे साखर ठेवली, माझ्या हातावर ठेवली. कॉलेज वाचलं होतं. माझ्यासाठीच त्यांनी मला नाकारलं होतं, हे मला कळत होतं, आणि कळूनही राग जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा पेढ्यांचा पुडा घेऊन क्लासला आले. बहुतेक सरांची माफी मागायची होती. घरून निघताना ओठ हलत होते. आत आले आणि दारातच थांबले. भिंतीवर नवा लठ्ठा होता. अगदी कोरा, ठाणातून ताजा फाडलेला. मध्ये गोल नव्हता, फाटे नव्हते. एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, निळीने, मोठ्या अक्षरांत एकच वाक्य लिहिलेलं होतं. आय डू नॉट नो दीज पीपल.

"हे पाहा," सर वर्गाला म्हणाले, "आपल्या क्लासचं पहिलं वाक्य. वीव्हिंगवाल्यांनी बनवलं. वर्षभर मी ज्याच्यासाठी डोकं फोडून राहिलो आहे ते हे. आता सगळे उभे राहा. आँखें खुली, बोट खाली. माझ्या मागे नको, आपलं आपलं."

सरांनी हे भाबडेपणाने केलं, की अठ्ठावीस वर्षं लोकांचा उशीर मांडणाऱ्या माणसाने बाबांचा हा नकारही मांडून ठेवला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांचा चेहरा तर नुसता फुलला होता. सांवेरच्या मुलाने सुरुवात केली, मग सगळ्यांनी उचललं. आय डू नॉट नो दीज पीपल. खोली दणाणली. मीही म्हटलं. सगळ्यांत जोरात मीच म्हटलं, बाबांना ऐकू जाईल असं.

बाबा पुडा हातात धरून उभे होते.

"तुम्ही नाही बोलले," सर म्हणाले. "तुमचंच वाक्य आहे, वीव्हिंगवाले. एकदा बोलून द्या, पोरं ऐकतील."

"मला येत नाही," बाबा म्हणाले.

"अरे! काल तर किती साफ आलं."

"काल आलं. आता नाही येत."

हे ते सरांना म्हणाले, पण बघत माझ्याकडे होते.